फिरत्या सळईवरील कोंबडी : पक्ष्याची निवड, तोल व निखारा

सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा जिल्हा होय. मार्गशीर्ष-पौषात ज्वारीची कणसे दुधात आली, म्हणजे शेताच्या बांधावर आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजली जातात आणि शेंगाचटणीबरोबर गरम हुरडा खाण्यास आप्तेष्ट जमतात. पूर्वी हा केवळ घरगुती आनंदाचा भाग होता. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. आज अनेक शेतकरी हुरड्याच्या हंगामात शहरातील पाहुण्यांचे आपल्या शेतावर आतिथ्य करून कोरडवाहू शेतीस जोड उत्पन्न मिळवितात. दिवसा हुरडा आणि सायंकाळी जेवण, असा हा क्रम असतो. या जेवणात निखाऱ्यावर फिरत्या सळईला लावून अखंड भाजलेल्या कोंबडीस मागणी असते.

हे काम दिसावयास सोपे, परंतु करावयास नाजूक आहे. वरून तांबूस व खमंग दिसणारी कोंबडी मांडीच्या सांध्याशी कच्ची राहण्याचा संभव असतो. अशा कच्च्या मांसातील साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंमुळे खाणाऱ्यास जुलाब, वांत्या व ताप यांचा उपद्रव होतो. एका पंगतीस असा त्रास झाला, तर पाहुण्यांचे आरोग्य आणि शेतकऱ्याने अनेक हंगामांत मिळविलेला नावलौकिक ही दोन्ही धोक्यात येतात. म्हणून या पद्धतीमागील कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

पक्ष्याची निवड

“गावरान कोंबडा भाजून द्या,” असा पाहुण्यांचा आग्रह असतो व यजमान अंगणातील सर्वांत मोठा कोंबडा सळईला लावतो. येथेच पहिली चूक होते. वय वाढते तसे पक्ष्याच्या स्नायूंतील कोलॅजेन हे प्रथिन चिवट होत जाते. दीर्घकाळ ओल्या उष्णतेत शिजल्यानेच ते विरघळून मऊ होते. निखाऱ्याची उष्णता कोरडी असल्यामुळे जुना कोंबडा तीवर अधिकच वातड होतो. अशा पक्ष्याची खरी जागा रश्श्याच्या पातेल्यात आहे. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात मंद आचेवर शिजविल्यास तो उत्तम लागतो.

सळईसाठी कोवळा पक्षीच निवडावा. पाच ते सहा आठवड्यांचा ब्रॉयलर या कामी सोयीचा असतो. घरची कोंबडी हवी असेल तर गावरान तलंग किंवा कोवळा नर तीन महिन्यांच्या सुमारास वापरावा. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली गिरीराज व हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा या परसातील सुधारित जाती गावरानपेक्षा लवकर वजन धरतात. साफ केल्यानंतर १ ते १.२५ किलो भरणारा पक्षी सर्वांत बरा. त्याहून मोठ्या पक्ष्याची मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते.

आजारी किंवा आपोआप मेलेला पक्षी कोणत्याही परिस्थितीत खाण्यास घेऊ नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक आढळला, हे कुक्कुटपालकांनी विसरू नये. कळपात अचानक मर होऊ लागल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. औषध दिलेला पक्षी त्या औषधाचा वर्ज्य काळ संपल्याखेरीज कापू नये.

पूर्वतयारी

कापण्यापूर्वी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवावे, पाणी मात्र द्यावे. त्यामुळे आतडी रिकामी राहून साफसफाई स्वच्छ होते. कापल्याबरोबर पक्षी निखाऱ्यावर नेऊ नये. तो थंड करून काही तास शीतकपाटात ठेवल्यास स्नायूंचा ताठरपणा उतरतो. साफ करतेवेळी धुतलेली कोंबडी स्वयंपाकघरात पुन्हा नळाखाली धरू नये. उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जंतू भांड्यांवर व भाजीपाल्यावर पसरतात. स्वच्छ कागदाने ती कोरडी करावी, कारण कोरडी कातडीच चांगली खरपूस होते.

दर किलोस सुमारे १५ ग्रॅम मीठ आतून-बाहेरून चोळून कोंबडी रात्रभर शीतकपाटात ठेवावी. मीठ हळूहळू आत मुरते व मांसातील रस धरून ठेवण्यास साहाय्य करते. सकाळी आले, लसूण, हळद व थोडे तेल लावावे. काळा मसाला, तिखट व गूळ मात्र आरंभी लावू नयेत. दीर्घ आचेवर ते करपून कडवट होतात. तेलात कालवून शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा हात द्यावा. कच्च्या कोंबडीस लागलेले वाटण उरले असल्यास ते चांगले उकळल्याशिवाय वापरू नये.

बांधणी व तोल

पंख पाठीमागे दुमडून व दोन्ही तंगड्या जवळ घेऊन सुताने घट्ट बांधाव्यात. त्यासाठी बिनरंगी सुती दोराच घ्यावा. सोलापूरसारख्या सुताच्या गावी त्याची वाण नाही. नायलॉनचा दोरा आचेने वितळतो. सळई व तिचे काटे स्टेनलेस स्टीलचे असावेत. जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा गज वापरू नये, तापल्यावर त्याचा धूर अपायकारक असतो.

सळई मानेकडून घालून पक्ष्याच्या मध्यातून पलीकडे काढावी आणि दोन्ही बाजूंनी काटे रोवून स्क्रू आवळावेत. नंतर तोल पाहावा. सळईची दोन टोके दोन विटांच्या गुळगुळीत कडांवर ठेवून ती हलकेच फिरवून सोडावी. प्रत्येक वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल, तर पक्षी मध्यावर बसलेला नाही असे समजावे. काटे काढून तो पुन्हा बसवावा. तोल चुकलेली सळई जड बाजू वर नेताना मंदावते व ती उतरताना झटक्याने फिरते. परिणामी एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते आणि मोटरीवरही ताण पडतो. सळईने मिनिटास तीन ते पाच फेरे घ्यावेत. विजेचा भरवसा नसेल तेथे हाताने फिरविण्याची कडी अवश्य जोडून ठेवावी.

निखाऱ्याची मांडणी

बाभळीचा कोळसा या भागात सहज मिळतो व त्याचा निखारा दीर्घकाळ टिकतो. तो पेटविण्यास रॉकेल वापरू नये, त्याचा वास मांसास लागतो. कोळशावर राखेचा पांढुरका थर आल्यानंतरच सळई चढवावी.

निखारा कोंबडीच्या बरोबर खाली नसावा. त्याचे दोन ढीग दोन्ही बाजूंस करून मधोमध थोडे पाणी घातलेले पसरट भांडे ठेवावे. खाली निखारा असल्यास ठिबकणारी चरबी त्यावर पेटते व ज्वाळेची काजळी कातडीवर बसते. बाजूच्या उष्णतेने मात्र कातडी क्षणभर तापते व लगेच आचेपासून दूर जाते. त्यामुळे ती न करपता उष्णता सावकाश आत मुरते. फिरण्यामुळे सुटलेली चरबी व रस खाली न पडता पृष्ठभागावरच पसरत राहतात. वरचेवर तेल लावण्याची गरज त्यामुळे कमी होते.

पक्ष्याच्या उंचीवर हात धरला असता चार-पाच सेकंद सोसवेल, इतकी आच पुरे. या आचेवर १.२ किलोची कोंबडी सुमारे एक ते सव्वा तासात तयार होते.

शिजल्याची परीक्षा

रंगावर विश्वास ठेवू नये. कोवळ्या पक्ष्यात हाडातील मगजामुळे शिजलेले मांसही हाडाजवळ लालसर दिसू शकते. उलट वरून तांबूस झालेला पक्षी आतून कच्चा असू शकतो. खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे टोकदार उष्णतामापक. सळई थांबवून तो मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडास व सळईस न लावता, खुपसावा. तेथे ७४ अंश सेल्सिअस उष्णता दाखविल्यासच कोंबडी उतरवावी. दोन्ही मांड्या व छाती तपासावी. साधा उष्णतामापक बाजारात अल्प किमतीत मिळतो. पंगत वाढणाऱ्या प्रत्येकाने तो बाळगावा.

उतरविल्यावर दहा मिनिटे तशीच ठेवून मग कापावी, म्हणजे रस बाहेर वाहून जात नाही. कच्च्या कोंबडीचे ताट, सुरी व पाट शिजलेल्या कोंबडीस वापरू नयेत. उरलेले मांस दोन तासांच्या आत शीतकपाटात जावे. हवा ३२ अंशांहून तापलेली असेल तेव्हा एक तासाहून अधिक बाहेर ठेवू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा नियम विशेष कटाक्षाने पाळावा.

हिशेबाची बाजू

भाजताना पाणी व चरबी निघून गेल्यामुळे वजनात सुमारे चौथाई ते तिसरा हिस्सा घट येते. १.२ किलोची कोंबडी पानावर साधारणतः ८०० ते ९०० ग्रॅम भरते. दर ठरविताना ही घट, कोळसा, मसाला व मजुरी धरली नाही, तर गर्दी असूनही पदरी तोटाच येतो. विक्रीसाठी अन्न तयार करणाऱ्यांनी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये आवश्यक ती नोंदणी वा परवाना घेणे बंधनकारक आहे.

शेतकरी बंधुभगिनींनी पाहुण्यांसाठी ही पद्धत वापरण्यापूर्वी एक-दोन पक्षी घरी भाजून पाहावेत. पक्ष्याचे वजन, निखाऱ्याची मांडणी, लागलेला वेळ व मांडीतील उष्णता यांची वहीत नोंद ठेवावी. आपल्या शेगडीचा व आपल्या कोळशाचा अंदाज अशा नोंदींतूनच बसतो, आणि मग पंगतीच्या दिवशी घाई-गडबडीतही हात चुकत नाही.