दहावी-बारावीची पन्नास वर्षे

महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. त्याआधी शाळा अकरावीला संपायची. कोठारी आयोगाने सुचवलेला १०+२+३ चा आकृतिबंध आला, १९७७ मध्ये बारावीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि शाळेच्या शेवटाला दोन टप्पे आले. या पन्नास वर्षांचा मागोवा घेताना एक विसंगती ठळकपणे दिसते. पुढे काय करायचे हे ठरवण्याचे वय सतत खाली येत गेले. ज्या नियमांच्या भरवशावर ते ठरवायचे, त्या नियमांचे आयुष्य मात्र आखूड होत गेले. आठवीतच ‘फाउंडेशन’चा क्लास लावणाऱ्या मुलीला बारावीनंतर प्रवेश कशाच्या आधारावर मिळेल, हे तिच्या शिक्षकांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

सुरुवातीची वीसेक वर्षे तशी नव्हती. बारावीच्या गुणांवर इंजिनिअरिंग-मेडिकलचे प्रवेश व्हायचे. ही पद्धत कठोर होती, एका टक्क्याने वाटा बदलायच्या. पण दहावीच्या मुलाला दोन वर्षांनी काय लागणार हे ठाऊक असायचे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, जागा वाढल्या आणि पुढचा रस्ता अनेक घरांना पहिल्यांदाच दिसू लागला. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर सीईटी आली आणि बारावीचे गुण हळूहळू पात्रतेपुरते उरले. खरी घसरण त्यानंतरची. वैद्यकीय प्रवेशासाठी २०१३ मध्ये ‘नीट’ झाली, २०१४ आणि २०१५ मध्ये पुन्हा राज्याची सीईटी, २०१६ मध्ये न्यायालयाचा आदेश आणि केंद्राचा अध्यादेश यांच्या ओढाताणीत परीक्षा तोंडावर येईपर्यंत अनिश्चितता, आणि २०१७ पासून पुन्हा ‘नीट’. अभियांत्रिकीसाठी राज्याने २०१४ आणि २०१५ मध्ये ‘जेईई मेन’ धरली आणि २०१६ मध्ये सोडून दिली. अकरावीची गोष्टही तीच. २००८ चे पर्सेंटाइल सूत्र आणि २००९ चे ९०:१० ही दोन्ही न्यायालयात टिकली नाहीत. २०१० चे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तगले. २०२१ मध्ये कोविडमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, अकरावीसाठी वेगळी सीईटी जाहीर झाली आणि ती व्हायला दहा-बारा दिवस उरले असताना उच्च न्यायालयाने रद्द केली. यातला कोणता निर्णय बरोबर, हा प्रश्न वेगळा. प्रत्येक वेळी अधांतरी राहिले ते त्या वर्षीचे विद्यार्थी.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती डी.एड.च्या वाटेने गेलेल्यांनी, आणि त्यांच्याबद्दल फारच कमी बोलले गेले. बारावीला उत्तम गुण असलेली ग्रामीण मुले, विशेषतः मुली, दोन वर्षांत प्राथमिक शिक्षकाची पक्की नोकरी मिळेल या हिशेबाने तिकडे वळत. मागणी वाढली तशी अध्यापक विद्यालये गावोगाव उघडत गेली. मग २०१२ च्या सुमारास शिक्षकभरती थंडावली, त्यानंतर टीईटी आली, पुढे अभियोग्यता चाचणी आली. पदविका हातात आणि नोकरी कुठेच नाही, अशा अवस्थेत तरुणांची वर्षे गेली. या मुलांनी पुढचा विचार केला नव्हता असे कुणीही म्हणू शकणार नाही. त्यांनी तो नेमका आणि जबाबदारीने केला होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे: पूर्वीची स्थिरता मूठभरांसाठी होती. मॅट्रिकपर्यंत पोहोचणारेच थोडे, त्यात मुली आणखी थोड्या. आज दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले-मुली दहावीला बसतात आणि मुलींचा निकाल मुलांपेक्षा सरस लागतो. हे यश मोठे आहे आणि जुना काळ परत यावा असे मी म्हणत नाही. उलट, पहिल्यांदाच शाळा संपवणाऱ्या घरातल्या मुलीला स्थिर नियमांची गरज सर्वांत जास्त असते. शहरातले सुस्थितीतले घर नियम बदलला की क्लास बदलते, एक वर्ष ‘रिपीट’ करू देते. कर्ज काढून लातूरला खोली घेतलेल्या कुटुंबाला ती सोय नसते. दुसरा आक्षेप असा की लवकर तयारी केली तर परीक्षा कोणतीही असो, अभ्यास वाया जात नाही. विज्ञानाची खरी ओढ असलेल्यांपुरते ते मान्य. पण तेराव्या वर्षी घेतलेला निर्णय ओढीतून येतो की शेजारच्या घरातून, हे सांगणे कठीण, आणि त्या तयारीत भाषा, इतिहास, चित्रकला, मैदान आधी सुटते. पुढे पुढे ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत कनिष्ठ महाविद्यालय नावापुरते राहते आणि मूल दिवसभर क्लासमध्ये असते. २०१६ मध्ये दहावीसाठी कलचाचणी सुरू झाली, तीही काही वर्षांतच बंद पडली. कल कळूनही निवड कुठे करायची, याचे उत्तर तिच्याकडे नव्हतेच.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने नववी ते बारावीचा एकच टप्पा मानला जातो आहे. तो खरोखर एक टप्पा असेल, तर एक साधी हमी कायद्याने देता येईल: नववीत प्रवेश घेताना जे प्रवेशनियम असतील, तेच त्या तुकडीला बारावीनंतरही लागू राहतील, बदल करायचाच असेल तर तो त्या वर्षी नववीत येणाऱ्यांपासून. वैद्यकीयसारखे प्रवेश केंद्राच्या हाती आहेत, तेव्हा ही हमी एकट्या राज्याला पुरी करता येणार नाही, हे खरे. पण अकरावीचे प्रवेश, अभियांत्रिकीची सीईटी आणि शिक्षकभरतीची प्रक्रिया राज्याच्या हातात आहे, आणि तिथून सुरुवात करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.