घर विकायचं ठरलं, आता आधी काय करायचं?

मागच्या भागानंतर सर्वाधिक प्रश्न आले ते घर विकण्याबद्दल. इंदूरहून आले, बेळगावहून आले, बडोद्याहून आले, आणि माझ्या रायपूरमधून तर आलेच. प्रश्न साधारण एकाच वळणाचे होते. आई-वडील गेले, मुलं पुण्या-बेंगळुरूला, घर बंद पडलंय, विकायचं आहे. रंग काढून घ्यावा का? किंमत किती सांगावी?

रंगाचं शेवटी बोलू. आधी घर कोणाचं आहे ते बघू.

मी राहतो गुढियारीत. ज्यांना रायपूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रेल्वे स्टेशनच्या पलीकडची ही जुनी वस्ती. घाऊक व्यापाऱ्यांची दुकानं, गोदामं, मालगाड्यांचा आवाज आणि त्यातच राहती घरं. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस छत्तीसगडात आहे. तात्यापारा नावाचा मोहल्ला इथं आहे, महाराष्ट्र मंडळ 1935 पासून आहे. पण त्या पिढीनं बांधलेली घरं आता एकेक करून विकली जातायत. आमच्या वडिलांनी बांधलेलं घरही आम्ही तिघा भावंडांनी 2025 मध्ये विकलं. मोठी ताई अमरावतीला, मी इथं, धाकटा कॅनडात. व्यवहार सुरळीत झाला, पण गिऱ्हाईकाला घर दाखवण्याआधी आठ महिने नुसते कागद जमवण्यात गेले. सैन्यात पुढं सरकण्याआधी रेकी करतात, तसंच हे.

पहिली गोष्ट म्हणजे नाव. सरकारी दफ्तरात घर अजून वडिलांच्या, कधी कधी आजोबांच्या नावावर असतं. वीजबिल त्यांच्याच नावानं येतं, संपत्तिकर त्यांच्याच नावानं भरला जातो, आणि सगळ्यांना वाटतं की चाललंय की. विकायच्या दिवशी मात्र अडतं. मेलेल्या माणसाची सही कोण करणार? महाराष्ट्रात ज्याला वारस फेरफार म्हणतात त्याला आमच्याकडे फौती नामांतरण म्हणतात. शब्द बदलतात, काम तेच. तुमच्याकडे तलाठी आणि सातबारा, आमच्याकडे पटवारी, खसरा आणि बी-वन. महाराष्ट्रात रेडी रेकनर, गुजरातेत जंत्री, छत्तीसगडात गाइडलाइन दर. माझे बरेच मराठी मित्र इथं कोर्टकचेरीच्या हिंदीला बिचकतात आणि न वाचता सही करतात. कृपा करून तसं करू नका. शब्द कळला नाही तर विचारा, लाज कसली?

छत्तीसगडात 2025 पासून खरेदीखताची नोंदणी झाली की नामांतरण आपोआप व्हावं अशी सोय केली आहे. चांगली सोय आहे. पण ती विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जाण्यासाठी. विक्रेत्याचं स्वतःचं नावच दफ्तरात नसेल तर संगणक तरी काय करणार? म्हणून भुइयां पोर्टलवर आपला खसरा नंबर टाकून आजच बघा, भूमिस्वामी म्हणून कोणाचं नाव दिसतं.

आता वारस. इथं मी जरा थांबणार आहे, कारण घरं मोडतात ती इथंच. वडिलांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, हे सगळे सारख्या हिश्शाचे मालक. मुलीचं लग्न 1975 मध्ये झालं की 2015 मध्ये, काही फरक पडत नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना मुलांइतकाच हक्क दिला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही.

आमच्या वेळी गल्लीतल्या दोघा-तिघांनी मला सुचवलं, ‘भाऊसाहेब, ताईंची एक सही घेऊन टाका, त्या कुठं नाही म्हणणार आहेत.’ ताई नाहीच म्हणाली नसती. तेच तर वाईट आहे. आमच्याकडच्या बहिणी नाही म्हणत नाहीत, आणि मग वीस वर्षं माहेरी येणं हळूहळू कमी होतं. मी ताईला फोन करून हिशेब सांगितला, तिचा हिस्सा किती होतो ते आकड्यात सांगितलं, आणि म्हटलं की आता तू ठरव. तिनं पूर्ण हिस्सा घेतला. मला ते आवडलं. एखाद्या बहिणीला मनापासून हिस्सा सोडायचा असेल तर तो नोंदणीकृत हक्कत्यागपत्रानंच सोडावा. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद घराच्या बाबतीत पुरत नाही. छत्तीसगडात कुटुंबातल्या हक्कत्याग, वाटणी आणि दानपत्राचं नोंदणी शुल्क आता 500 रुपयांवर आणलं आहे, त्यामुळे खर्चाची सबबही उरली नाही.

परदेशातल्या भावाचं काय? तो येऊ शकत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करावं, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं. मुखत्यारपत्रात ‘सर्व अधिकार’ असं मोघम लिहू नका. कोणतं घर, कोणता खसरा, विकण्याचा आणि नोंदणीचा अधिकार, पैसे कोणत्या खात्यात, सगळं स्पष्ट. आणि एक लक्षात ठेवा, मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे ठणकावून सांगितलं आहे. तरी अजून आमच्याकडे ‘पॉवर देऊन टाका, रजिस्ट्री नंतर करू’ म्हणणारे भेटतात. त्यांना चहा द्या आणि निरोप द्या.

जमीन कोणत्या प्रकारची आहे हेही बघायला हवं. जुन्या शहरात बरीच जमीन नजूल म्हणजे सरकारी पट्ट्याची असते. पट्ट्याची मुदत संपली असेल, नूतनीकरण झालं नसेल, तर बँक खरेदीदाराला कर्ज देणार नाही. शहराच्या कडेची घरं शेतजमिनीवर उभी असतात. तिचं डायवर्सन, म्हणजे तुमच्या भाषेत बिनशेती, झालंय का? आणि नकाशा. वडिलांनी खालचा मजला मंजूर करून घेतला, वरच्या दोन खोल्या नंतर भाड्यासाठी चढवल्या, हे घरोघरी आहे. छत्तीसगडात अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा 2002 चा कायदा आहे. सगळं नियमित होईलच असं नाही, पण खरेदीदाराच्या वकिलानं ते शोधून काढण्याआधी तुम्हाला माहीत असलेलं बरं. नाहीतर सौदा ठरल्यावर तोच मुद्दा पुढं करून दोन-तीन लाख पाडून मागतात.

मूळ खरेदीखत हरवलं असेल तर घाबरू नका. पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत. याला वेळ लागतो, एवढंच.

किंमत. प्रत्येकाला आपलं घर सोन्याचं वाटतं. गाइडलाइन दर म्हणजे बाजारभाव नव्हे. इथं 2019 पासून तो तीस टक्के कमी ठेवला होता, 2024 मध्ये ती सूट काढली. एका रात्रीत कागदावर सगळ्यांची घरं महाग झाली, गल्ली होती तिथंच. खरा भाव कळतो तो आसपास गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष झालेल्या रजिस्ट्र्यांवरून. दोन वेगवेगळ्या दलालांना विचारा, दोघांनाही सांगू नका की दुसऱ्याला विचारलंय. दलालीचा टक्का सुरुवातीलाच लेखी ठरवा. गुढियारीसारख्या ठिकाणी पुष्कळदा गिऱ्हाईक व्यापारी असतो, त्याला गोदाम पाहिजे असतं. तो भिंती बघत नाही, रस्त्याची रुंदी आणि ट्रक वळतो का ते बघतो. अशा माणसासाठी नवं स्वयंपाकघर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

गाइडलाइनपेक्षा फार कमी दाखवून बाकी रोख द्या-घ्यायची चाल अजून आहे. दाखवलेल्या किमतीपेक्षा मुद्रांक मूल्य दहा टक्क्यांहून जास्त असलं तर आयकर खातं मुद्रांक मूल्यच विक्रीची किंमत धरतं. आणि घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड. इसार घ्या, तो बँकेतून घ्या, इसारपावतीवर मुदत आणि व्यवहार मोडला तर काय हे लिहा.

आता कर. पेन्शनर मंडळी, कागद-पेन्सिल घ्या. दोन वर्षांहून जास्त काळ असलेल्या घरावर दीर्घकालीन भांडवली नफा. वारशानं आलेल्या घराला वडिलांचा काळ आणि वडिलांची किंमत धरतात. घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचं मूल्य किंमत म्हणून घेता येतं, फक्त ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून जास्त नको. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या माणसाला निवड आहे: साध्या नफ्यावर साडेबारा टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून वीस टक्के, जे कमी असेल ते. उदाहरण घ्या. विक्री 80 लाख. 2001 चं मूल्य 6 लाख. साधा नफा 74 लाख, कर 9 लाख 25 हजार. निर्देशांक 2025-26 साठी 376, म्हणून 6 लाखांचे 22 लाख 56 हजार होतात. नफा 57 लाख 44 हजार, वीस टक्क्यांनी सुमारे साडेअकरा लाख. म्हणजे इथं पहिला मार्ग बरा. पण 2001 चं मूल्य 20 लाख असतं तर? साडेबारानं साडेसात लाख, आणि निर्देशांकानं जेमतेम 96 हजार. उपकर दोन्हीकडे वेगळा. म्हणून 2001 चं मूल्यांकन मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून करून घ्या. त्याची फी वसूल होते.

तीन भावंडं असतील तर नफा तिघांचा वेगवेगळा, आणि सवलतीही प्रत्येकाला स्वतंत्र. नवं घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर नाही. किंवा सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत 50 लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी. जुन्या कायद्यात ही कलमं 54 आणि 54ईसी. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला की क्रमांक बदलतात, तेव्हा सीएशी बोलताना क्रमांकावर अडू नका.

विक्री 50 लाख किंवा जास्त असली की खरेदीदार एक टक्का कापून सरकारात भरतो. विक्रेते तीन असले तरी मर्यादा एकत्रित किमतीवर मोजतात. पण अनिवासी भावाचा हिस्सा निराळा. त्याला 50 लाखांची मर्यादा नाही, निर्देशांकाची निवड नाही, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी काढलं नाही तर त्याच्या हिश्शाच्या पूर्ण रकमेवर साडेबारा टक्के आणि उपकर कापला जातो. परतावा मिळतो, पण विवरणपत्र भरून, वाट बघून. आमच्या धाकट्याच्या मुलीची फी भरायची होती, म्हणून आम्ही प्रमाणपत्राचा अर्ज इसाराच्याही आधी केला.

जाहिरात ऑनलाइन टाकली की अर्ध्या तासात एक फोन येईल. ‘मी आर्मीत आहे, बदली झाली, घर न बघताच घेतो,’ गणवेशातला फोटो, ओळखपत्र, आणि मग क्यूआर कोड: ‘स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ तीस वर्षं तो गणवेश घातला म्हणून सांगतो, घर न बघता घेणारा फौजी मला अजून भेटायचा आहे. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. फोन ठेवा आणि 1930 वर तक्रार करा.

आता रंगाचं. पांढरा चुना किंवा साधा डिस्टेंपर पुरे. त्याआधी गच्चीची गळती बंद करा, चौकटींची वाळवी बघा, नळ-बटणं चालू करा. ओल रंगाखाली झाकू नका. पहिल्या पावसात ती बाहेर येते, आणि मालमत्तेतला महत्त्वाचा दोष ठाऊक असून लपवणं मालमत्ता हस्तांतरण कायद्यालाही चालत नाही. आमच्या मागच्या खोलीत आषाढात पाणी शिरायचं. मी गिऱ्हाईकाला ती खोली सर्वांत आधी दाखवली. त्यानं खाली बघितलं, भिंतीला हात लावला आणि विचारलं, ‘किती इंच?’ चार, म्हटलं. तो म्हणाला, ‘जोतं उचलून घेईन.’

घर दाखवताना कागदांच्या प्रतीच द्या, मूळ कागद रजिस्ट्रीच्या दिवशी. पूर्ण पैसे खात्यात दिसल्यावर सही, सहीनंतर किल्ली. संपत्तिकर आणि समेकित कराच्या पावत्या, पाण्याचं बिल, विजेचा बीपी नंबर खरेदीदाराच्या नावे करण्याचा अर्ज, हे त्याच आठवड्यात उरका, नाहीतर त्याच्या गोदामाचं बिल वर्षभर तुमच्या वडिलांच्या नावानं येत राहील. मृत्युपत्र कसं करायचं, हे पुढच्या भागात.