गळाचें रीळ : खाडीवर कोणतें न्यावें ?

वसईच्या किल्ल्याजवळील धक्क्यावर सुटीच्या दिवशीं भरतीचें पाणी चढूं लागलें कीं गळ टाकून बसणारांची रांग लागते. त्यांत दोन तऱ्हेचीं माणसें दिसतात. एकाच्या हातांत लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली नुसती दोरी असते; हा बहुधा खाडीकांठचा जुना जाणता. दुसऱ्याजवळ शहरांतून आणलेली चकचकीत काठी आणि तिला बसविलेलें तितकेंच चकचकीत रीळ असतें. तासाभरानें पाहावें तों पहिल्याच्या टोपलींत दोन शिंगाळे पडलेले असतात, आणि दुसरा मांडीवर रीळ घेऊन तंगुसाचा गुंता सोडवीत बसलेला असतो. दर वेळीं दोष त्याच्या हाताचा नसतो. पुष्कळदां तो दुकानांत केलेल्या निवडीचा असतो.

रिळाचीं कामें तीन : सांठविणें, सोडणें आणि आवरणें. दोनशें मीटर तंगूस नीट गुंडाळून ठेवणें हें पहिलें. आमिष दूर फेकतांना तो अडथळ्याविना सोडणें हें दुसरें. आणि लागलेला मासा धांवूं लागला कीं दोर तुटूं न देतां त्याला आवरणें हें तिसरें. बाजारांतील प्रत्येक रीळ हीं तिन्ही कामें करतें, परंतु सारखींच चांगलीं करीत नाहीं. म्हणून सर्वांत उत्तम रीळ कोणतें, ह्या प्रश्नास उत्तर नाहीं. कोणत्या पाण्यासाठीं व कोणत्या माशासाठीं, एवढें सांगितलें कीं मग उत्तर सांपडतें.

रिळांच्या दोन मुख्य जाती आहेत. त्यांतील भेद समजण्यास घरांतील शिवणाच्या दोऱ्याचें रीळ पुरे. तें पेन्सिलीवर ओंवून दोरा आडवा ओढला तर रीळ गरगर फिरतें व दोरा सरळ निघतो. पतंगाची फिरकी अशीच चालते. आतां तेंच रीळ टेबलावर उभें ठेवून दोरा वरच्या अंगानें ओढावा. रीळ जागचें हलत नाहीं. एकेक वेढा कांठावरून सुटतो, परंतु प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्यास एक पीळ बसतो. दोऱ्याऐवजीं रेशमी फीत घेतली तर हा पीळ डोळ्यांना दिसतो. पहिल्या जातीस फिरतें रीळ म्हणावें, दुसरीस स्थिर रीळ. दुकानदार स्थिर रिळास स्पिनिंग रीळ म्हणतात. फिरत्या रिळाच्या लहान प्रकारास बेटकास्टर आणि मोठ्यास मल्टिप्लायर हें नांव आहे.

फिरतें रीळ फार जुनें आहे. चीनमधील मा युआन ह्या चित्रकाराच्या, इ. स. ११९५ च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या एका चित्रांत हिंवाळी सरोवरावर होडींत बसलेला गळवाला दिसतो, आणि त्याच्या काठीला रीळ आहे. स्थिर रिळाची हकीकत त्या मानानें अलीकडची. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड हें लोंकरीच्या गिरण्यांचें गांव. तेथील आल्फ्रेड इलिंगवर्थ ह्या गिरणीवाल्यानें १९०५ सालीं अशा रिळाचें पेटंट घेतलें. गिरणींत कांडी न फिरतां तिच्या टोंकावरून सूत कसें भराभर सुटतें, हें तो रोज पाहत होता. फिरत्या रिळास गति देण्यास आमिषाला वजन लागतें. हलकें आमिष जड फिरकी ओढूं शकत नाहीं. स्थिर रिळांत फिरावयाचें कांहींच नसल्यानें हलकें आमिषही दूर जातें. उलट फिरत्या रिळांत आमिष पाण्यावर पडल्यावरही फिरकी वेगांत राहिली तर आंतील दोर सैल पडून त्याचें घरटें होतें. धक्क्यावरील त्या नवशिक्याच्या मांडीवर हेंच घरटें असतें.

मग फिरतें रीळ टाकाऊ काय ? मुळींच नाहीं. ह्याचें उत्तम प्रत्यंतर थंड देशांत मिळतें. फिनलंड, कॅनडा येथें हिंवाळ्यांत सरोवरें गोठतात. तेथील लोक बर्फाला वीतभर रुंदीचें भोंक पाडून हातभर लांबीच्या काठीनें गळ सरळ खालीं सोडतात. तेथें फेक नाहींच. स्थिर रीळ वापरलें तर दोऱ्यास बसलेला पीळ उलगडतांना टोंकाचें इवलेंसें आमिष पाण्यांत गिरक्या घेतें, आणि थंडीनें आधींच मंदावलेला मासा त्याला तोंड लावीत नाहीं. म्हणून पुष्कळ जाणते तेथें लहानसें फिरतें रीळ पसंत करतात. शिवाय यंत्रांतील वंगण थंडीनें घट्ट होतें, म्हणून चक्रें जितकीं कमी तितकें बरें. जेथें फेक नाहीं तेथें फेकीचा गुण निरुपयोगी, एवढाच त्याचा अर्थ.

हाच न्याय वसई-विरारच्या पाण्यास लावून पाहावा. येथें पाणी तीन तऱ्हेचें. पहिलें तळ्याचें. गांवोगांवच्या तळ्यांत, जेथें गळ टाकण्यास परवानगी असेल तेथें, रोहू, चिलापी, क्वचित् मरळ मिळतो. आमिष हलकें, दोर बारीक. येथें लहान स्थिर रीळ, दुकानांतील क्रमांकाप्रमाणें २००० ते ३०००, पुरेसें होतें. हे क्रमांक आकाराचे असून सर्व कारखान्यांचे तंतोतंत जुळत नाहींत, एवढें ध्यानांत ठेवावें. मुलाच्या हातीं द्यावयाचें असेल तर बटण दाबून दोर सोडणारें, टोपण असलेलें रीळ सोपें. मात्र तें खाऱ्या पाण्यावर नेऊं नये, कारण टोपणाखालीं शिरलेलें मीठ सहसा बाहेर निघत नाहीं.

दुसरें पाणी खाडीचें व किनाऱ्याचें. दक्षिणेस उल्हास नदीचें पाणी आणणारी वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख, आणि त्यांमधील अर्नाळ्यापर्यंतचा किनारा. ओहोटीचा ओढ असा कीं हलकें शिसें तळाशीं ठरत नाहीं. जड शिसें, जाड तंगूस आणि लांब काठी आली कीं रीळही ४००० ते ६००० क्रमांकाचें लागतें. पश्चिमेचा वारा समोरून येत असतां नवशिक्यानें फिरत्या रिळाच्या वाटेस जाऊं नये.

तिसरें पाणी होडीखालचें. होडींतून गळ सरळ तळाशीं सोडावयाचा असतो. म्हणजे बर्फावरील मनुष्याची व होडींतील मनुष्याची रीत एकच. येथें फिरतें रीळ शोभतें : दोरास पीळ नाहीं, आणि जड मासा वर खेंचण्यास बळ अधिक.

आतां तिसरें काम, आवरण्याचें. आणि खरी कसोटी तेथेंच. रिळास ड्रॅग नांवाचा एक ब्रेक असतो. ठराविक जोर पडला कीं तो दोर सुटूं देतो. तंगूस जितक्या वजनास तुटतो त्याच्या चौथाई ते तिजाई जोरास हा ब्रेक सुटावा, असा नियम आहे. आठ किलोच्या तंगुसास दोन ते अडीच किलो. हें अंदाजानें न ठरवितां स्प्रिंगचा कांटा दोरास लावून पाहावें. ग्राहकानें दुकानांतच दोर हळूहळू ओढून परीक्षा करावी : तो अडखळत, झटके देत सुटत असेल तर तें रीळ कितीही देखणें असलें तरी परत द्यावें. मासा दोर ओढून नेत असतां दांडा फिरवूं नये. स्थिर रिळांत अशा एका फेऱ्यास चार-पांच पीळ चढतात आणि दोर मात्र तसूभरही आंत येत नाहीं.

ह्या ब्रेकाचें महत्त्व जिताड्यानें शिकवावें. खाडींतला हा मानाचा मासा. त्याच्या कल्ल्याच्या झांकणाची धार वस्तऱ्यासारखी, म्हणून गळाजवळ हात-दोन हात अधिक जाड तंगूस बांधावा लागतो. गळ लागतांच तो पाण्याबाहेर उसळतो, मग तिवरांच्या मुळांकडे धांव घेतो. ब्रेक अडकला कीं दोर तुटतो. गळवाला हळहळतो आणि नवा गळ बांधतो. परंतु गोष्ट तेथें संपत नाहीं. माशाच्या जबड्यांत गळ राहतो, मागें तंगूस लोंबतो. तो मुळांत अडकला कीं मासा तडफडून मरतो. तंगूस वर्षानुवर्षें कुजत नाहीं. पुढें त्यांत बगळ्याचा पाय गुरफटतो. शिवाय जिताडा आयुष्याच्या आरंभीं नर असतो व पुढें मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठा जिताडा ही बहुधा अंड्यांनीं भरणारी आईच. तिला तोडून घालविणें ह्यापेक्षां बेतानें दमवून वर घेणें, आणि मन झालें तर गळ काढून पुन्हां सोडणें, हें चांगल्या रिळानेंच साधतें.

थंड देशांत रिळाचा शत्रु बर्फ, तसा येथें मीठ. घरीं येतांच ब्रेक घट्ट करून रिळावर गोडें पाणी हलकेंच ओतावें. नळाची जोराची धार मारूं नये, तिनें मीठ आंत ढकललें जातें. पुसून सावलींत वाळवावें आणि मग ब्रेक सैल करून ठेवावें, नाहीं तर आंतील चकत्या दाबून निकामी होतात. दोर भरतांना कांठाखालीं दोनएक मिलिमीटर जागा सोडावी. कमी भरला तर फेक तोकडी पडते, जास्त भरला तर वेढे ढांसळतात.

शेवटीं पुन्हां त्या लाकडाच्या तुकड्यावर दोरी गुंडाळणाऱ्याकडे पाहावें. त्याच्यापाशीं रीळ नाहीं, पण तिन्ही कामें आहेत : लाकूड सांठवितें, हात सोडतो आणि तर्जनी आवरते. किती ओढावें आणि केव्हां ढील द्यावी, हें त्या बोटाला ठाऊक असतें. खाडीवर पहिलें रीळ नेणारानें आधीं एखाद्या दिवशीं त्याच्या शेजारीं बसून हातांत नुसती दोरी धरून पाहावी. माशाचा ओढ बोटाला एकदां कळला म्हणजे दुकानांत कोणत्या रिळाचा ब्रेक खरा आणि कोणाचा नुसता दिखाऊ, हें सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज पडणार नाहीं.