तक्रारी कमी, म्हणजे सगळं ठीक?

एखादा कायदा ठरलेल्या तारखेला आपोआप संपणार असेल, तर तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे तुम्ही कशावरून ठरवाल?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हा प्रश्न दर काही वर्षांनी खरोखरच विचारला जातो. त्याला ‘सनसेट रिव्ह्यू’ म्हणतात. असा कायदा सर्वात आधी कोलोरॅडोने १९७६ मध्ये केला. आज आपण कॅलिफोर्नियातल्या निसर्गोपचार डॉक्टरांचं उदाहरण घेऊ.

तिथे २००३ मध्ये त्यांच्यासाठी परवान्याचा कायदा झाला. मान्यताप्राप्त कॉलेजात शिकायचं, परीक्षा द्यायची, मग परवाना. त्याशिवाय ‘नॅचरोपॅथिक डॉक्टर’ असं नावापुढे लावता येत नाही. परवाने देणाऱ्या मंडळाला मात्र कायद्यातच मुदत घातलेली आहे. ती संपत आली की मंडळ विधिमंडळाला अहवाल देतं: परवाने किती, तक्रारी किती, त्या निकाली काढायला वेळ किती, जमाखर्च काय. मग दोन्ही सभागृहांच्या समित्या सुनावणी घेतात. नवं विधेयक मंजूर झालं तरच मुदत वाढते.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. इथे शून्य गृहीतक आहे ‘नियमनाची गरज नाही’ हे. पुरावा द्यायची जबाबदारी नियमन हवं म्हणणाऱ्यांवर येते.

दुसरी गोष्ट, प्रश्न नेमका कोणता आहे? निसर्गोपचाराने आजार बरा होतो का, हे इथे तपासलं जात नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी परवाना लागतो का, एवढंच तपासलं जातं. म्हणून ‘मुदत वाढली’ याचा अर्थ ‘उपचार सिद्ध झाला’ असा काढला, तर निष्कर्ष चुकलाच.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी आहे. तक्रारी कमी आल्या याचे निदान तीन अर्थ निघतात: डॉक्टर चांगलं काम करतात, मुळात डॉक्टरच थोडे आहेत, किंवा तक्रार कुठे करायची हेच रुग्णांना माहीत नाही. पहिला अर्थ खरा असेल तर उत्तम. तिसरा खरा असेल, तर मंडळ बंद झाल्यावर त्रास झालेल्या रुग्णाला दार ठोठवायला जागाच उरत नाही.

तुमच्या विषयातही असे आकडे असतीलच. आकडा दिसला की आधी छेद काय आहे ते विचारा, आणि मग तो आकडा नोंदवला कोणी, ते. प्रबंधाचा आराखडा लिहायला बसण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून ठेवा.