पिशवीतली गाठ साधी की घातक?

‘पिशवीत गाठ आहे.’ सोनोग्राफीनंतर एवढं कळलं, की चोपड्यापासून शिरपूरपर्यंत कुठल्याही घरात पुढचा प्रश्न येतो: कॅन्सर तर नाही ना? बहुतेकींच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असंच असतं. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात स्नायूंच्या साध्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड होतात. सार्कोमा हा कॅन्सर दुर्मीळ, पण दिसायला त्यांच्यासारखाच.

सोनोग्राफीत फायब्रॉइड सहसा गोल, रेखीव कडेचा दिसतो आणि रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरमध्ये रक्तवाहिन्या त्याच्या कडेनं फिरताना दिसतात. कडा अस्पष्ट, आत वेड्यावाकड्या पोकळ्या आणि मधोमध भरपूर रक्तप्रवाह असेल, तर शंका घ्यावी. अडचण अशी, की रक्तपुरवठा कमी पडून आतून झिजलेला फायब्रॉइडही असाच दिसू शकतो.

अशा वेळी एमआरआय उपयोगी पडतो. त्यातल्या टी-टू प्रकारच्या चित्रात साधा फायब्रॉइड काळा दिसतो. एमआरआयमधलीच डिफ्युजन तपासणी गाठीतल्या पाण्याची हालचाल पाहते. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीनं वाढत असल्यानं तिथं पाणी अडतं आणि तो भाग उजळ दिसतो. दोन्ही चित्रांत गाठ काळी असेल, तर सार्कोमाची शक्यता फारच कमी. तरीही अंतिम निदान पॅथॉलॉजीचंच. क्युरेटिंगमध्ये पिशवी आतून खरवडून अस्तराचा तुकडा मिळतो. सार्कोमा स्नायूत दडलेला असेल तर त्यातून निसटू शकतो.

हा फरक शस्त्रक्रियेआधीच पाहायला हवा. दुर्बिणीतून गाठ काढताना मॉर्सेलेटर यंत्रानं तिचे तुकडे केले आणि आत सार्कोमा असला, तर तो पोटभर पसरू शकतो. फायब्रॉइड म्हणून शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांपैकी एकीला सार्कोमा असतो, असा अंदाज देत अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २०१४ मध्ये या यंत्राबाबत इशारा दिला.

दुसरं टोकही तितकंच घातक. कॅन्सरची भीती घालून पिशवी काढली जाते. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं हे दुःख २०१९ मध्ये राज्यासमोर आलं. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दिले.

म्हणून पाळी कायमची गेल्यावर गाठ वाढली किंवा अंगावरून रक्त गेलं, तर एक दिवसही दवडू नका. एरवी ‘पिशवी काढा’ म्हटल्यावर लगेच होकार देऊ नका. रिपोर्ट घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या आणि विचारा: शंका नेमकी कशामुळे, एमआरआय लागेल का, आणि गाठ तुकडे न करता काढता येईल का?