लिंकरचे इशारे व त्यांचा अर्थ

संगणकाचा कोणताही मोठा प्रोग्राम एका सलग मजकुराच्या रूपाने लिहिला जात नाही. त्याचे भाग निरनिराळ्या फायलींत विभागलेले असतात, आणि कम्पायलर प्रत्येक फायलीचे स्वतंत्रपणे यंत्रभाषेत रूपांतर करतो. एका भागास दुसऱ्या भागातील फंक्शन हवे असल्यास कम्पायलर तेथे त्याचे केवळ नाव नोंदवितो व पत्त्याची जागा रिकामी ठेवतो. हे सर्व भाग एकत्र आणून नावांची व पत्त्यांची सांगड घालणे हे लिंकर नावाच्या प्रोग्रामचे कार्य होय.

वारंवार लागणाऱ्या फंक्शनांच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. स्थिर लायब्ररीतील आवश्यक भाग प्रत्येक प्रोग्राममध्ये उतरवून घेतला जातो. सामायिक लायब्ररी मात्र संगणकावर एकदाच ठेवलेली असते. प्रोग्राम सुरू होताना लोडर ती त्यास जोडून देतो. तिच्यातील आज्ञांची स्मृतीतील एकच प्रत अनेक प्रोग्राम एकाच वेळी वापरू शकतात. अशा रीतीने जोडणीचे काम दोन टप्प्यांत विभागले जाते. पहिला टप्पा लायब्ररी तयार करणाऱ्याच्या यंत्रावर पार पडतो, तर दुसरा ती वापरणाऱ्याच्या यंत्रावर.

लिंकरला निश्चित चूक आढळली तर तो काम थांबवितो. इशारा देताना मात्र तो फाईल तयार करून देतो. म्हणूनच इशाऱ्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः पहिल्या टप्प्यावर उपेक्षिलेला दोष नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या टप्प्यावर, भलत्याच माणसापुढे प्रकट होतो. लिनक्सवर प्रचलित असलेल्या जीएनयू लिंकरच्या काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

नावाचा पत्ता न लागणे

साधा प्रोग्राम जोडताना एखाद्या नावाचा पत्ता न लागल्यास लिंकर थांबतो. सामायिक लायब्ररी तयार करताना मात्र तो सामान्यतः काहीच बोलत नाही. ते नाव पुढे दुसरी एखादी लायब्ररी पुरवील असे तो गृहीत धरतो. नावात एका अक्षराची चूक असली तरी ती तशीच पुढे जाते आणि प्रोग्राम चालविताना ‘नाव सापडत नाही’ असा संदेश येतो. यावरून लिंकरचे मौन म्हणजे निर्दोषत्वाची ग्वाही नव्हे, हे ध्यानात येईल. ‘नो-अनडिफाइन्ड’ हा पर्याय दिल्यास तो अशी नावे आरंभीच दाखवून देतो.

दोन आवृत्त्यांचा विरोध

समजा, ‘क’ या लायब्ररीस ‘ग’ची पहिली आवृत्ती हवी आहे आणि ‘ख’ या लायब्ररीस तिचीच दुसरी. एका प्रोग्रामने क व ख दोन्ही घेतल्यास ‘ग’च्या दोन्ही आवृत्त्या एकत्र येतात, व त्यांच्यात विरोध संभवतो असा इशारा लिंकर देतो. दोन्हींत एकाच नावाची फंक्शने असतात, आणि लोडर साधारणपणे प्रथम सापडलेले फंक्शन सर्वांस देतो. मग दुसऱ्या आवृत्तीच्या रचनेचा डेटा पहिल्या आवृत्तीच्या फंक्शनाच्या हाती पडतो, व प्रोग्राम अकस्मात कोसळतो किंवा चुकीचे उत्तर देतो. क व ख या दोहोंची बांधणी ‘ग’च्या एकाच आवृत्तीवर करणे हा यावरील उपाय होय.

स्थानाचे बंधन

सामायिक लायब्ररी स्मृतीत कोठे बसेल हे आधी ठरलेले नसते. म्हणून तिच्यातील आज्ञा कोणत्याही जागी चालतील अशा, म्हणजे स्थाननिरपेक्ष असाव्या लागतात. कम्पायलरला ‘एफ-पीआयसी’ हा पर्याय दिल्याने त्या तशा होतात. तो न दिल्यास लोडरला प्रत्येक वेळी आज्ञांमधील पत्ते बदलावे लागतात. बदललेली पाने त्या त्या प्रोग्रामची खाजगी होतात, आणि सामायिकतेचा लाभ तेवढ्यापुरता नाहीसा होतो. अशा लायब्ररीवर पूर्वी केवळ इशाऱ्यावर भागत असे. परंतु २०१५ मधील अँड्रॉइड ६.० पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपमध्ये ती घेण्यास लोडर नकार देतो.

स्टॅकवरील आज्ञा

प्रोग्राम चालू असताना फंक्शनांचा तात्पुरता डेटा स्मृतीच्या ज्या भागात राहतो, त्यास स्टॅक म्हणतात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘मॉरिस वर्म’ हा प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. त्याच्या मार्गांपैकी एक ‘फिंगर’ सेवेतील दोषाचा होता. तेथे ‘गेट्स’ हे फंक्शन येणारा मजकूर किती लांब आहे हे न पाहता ५१२ बाइटांच्या जागेत भरीत असे. वर्मने ५३६ बाइट पाठविले. जादा मजकुराने फंक्शनाचा परतीचा पत्ता बदलला आणि स्टॅकवर पेरलेल्या आज्ञा व्हॅक्स यंत्रांनी निमूटपणे पाळल्या.

या घटनेचे दोन धडे आजच्या इशाऱ्यांत उमटलेले आहेत. ‘गेट्स’ वापरणारा प्रोग्राम जोडताना ते फंक्शन धोकादायक असल्याचे लिंकर सांगतो. सी भाषेच्या २०११ च्या मानकातून ते वगळण्यातही आले. दुसरा इशारा स्टॅकसंबंधी आहे. असेम्ब्ली भाषेतील एखाद्या फायलीत ‘स्टॅकवर आज्ञा चालविण्याची गरज नाही’ अशी नोंद नसेल, तर अनेक यंत्रांवर लिंकर ती गरज आहे असे मानतो, आणि एका फायलीमुळे सबंध लायब्ररीवर तसा शिक्का बसतो. २०२२ मधील बिनयुटिल्स २.३९ पासून लिंकर याविषयी इशारा देऊ लागला. जानेवारी २०२५ मधील जीलिबसी २.४१ पासून तर चालू प्रोग्राममध्ये मागाहून अशी लायब्ररी घेणेच नाकारले जाते. वास्तविक असेम्ब्ली फायलीच्या शेवटी एका ओळीची नोंद केली की हा दोष दूर होतो.

आज जो इशारा असतो, तोच कालांतराने नकार होतो, हे या उदाहरणांवरून दिसून येईल. यास्तव ‘फेटल-वॉर्निंग्ज’ हा पर्याय देऊन प्रत्येक इशाऱ्यास चुकीचा दर्जा देणे पुष्कळदा हितावह ठरते. त्यायोगे दोष ज्याच्या हातून घडला त्याच्याच समोर येतो, आणि तो दुरुस्त करण्याचे साधनही त्याच्याच हाती असते.