लहान गावाची लोकसंख्या आणि त्याचा दर्जा : मेंढा (लेखा) येथील उदाहरण

वसतिगृहाच्या प्रवेशअर्जावर पालक ‘मु. पो.’ लिहितात, तालुका व जिल्हा लिहितात. परंतु आपले गाव शासनदप्तरी ‘गाव’ म्हणून नोंदलेले आहे काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पुष्कळांचे गाव प्रत्यक्षात पाडा, टोला, वाडी किंवा तांडा असते.

दप्तरातले गावही एक नाही. ज्याची शीव मोजलेली आहे, ज्याचा नकाशा व जमिनीचे अभिलेख स्वतंत्र आहेत, ते महसुली गाव. ग्रामीण भागाची शिरगणती याच घटकावर होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,९५९ वस्तीची गावे होती आणि २,७०६ गावे अशी, की जेथे कोणीच राहत नाही. विदर्भात त्यांना ‘रिठी’ म्हणतात. निर्मनुष्य रिठीला स्वतंत्र नाव व नोंद आहे. दोनशे माणसांचा जिवंत पाडा मात्र शेजारच्या गावाच्या आकड्यात विरून जातो! २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे तेच जुने आकडे दीर्घकाळ कागदोपत्री चालत राहिले.

पंचायतीचे गाव निराळे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार एक किंवा अनेक महसुली गावे मिळून ग्रामपंचायत होऊ शकते. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत. म्हणजे हजारो गावे ‘गट ग्रामपंचायती’त आहेत. सदस्यसंख्या लोकसंख्येवरून सात ते सतरा ठरते. लहान गावाच्या वाट्याला त्यातील एखाददुसरी जागा येते. निधी पंचायतीच्या नावे येतो, कार्यालय बहुधा मोठ्या गावी असते, आणि बहुमताचा प्रश्न आला की लहान गाव हरते. संख्येने थोडे असणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड आदिवासींचे गाव आहे. ते महसुली गाव खरे, पण लेखा गट ग्रामपंचायतीत मोडणारे. म्हणूनच ‘मेंढा (लेखा)’ अशी त्याची ओळख. गावाने सर्वांच्या एकमताने निर्णय घेण्याची स्वतःची ग्रामसभा घडविली. तिला कायद्याचा आधार दोन ठिकाणी मिळाला. अनुसूचित क्षेत्रासाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह यांनाही गाव मानले व प्रत्येक गावास ग्रामसभा दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काचा दावा करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपविला. पंचायत लेख्याची असली तरी दावा मेंढ्याचा होऊ शकला, तो यामुळे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावरील हक्क या पाचशे माणसांना मिळाला. तथापि बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडण्यास एप्रिल २०११ उजाडले. हक्क मंजूर होणे आणि हक्क वापरता येणे यांत असे अंतर असते.

स्वतंत्र पंचायतीचा प्रश्न उरलाच होता. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाचा मार्ग धरला. हा कायदा बहुतेकांच्या विस्मृतीत गेलेला. त्यानुसार जमिनीची मालकी गावाच्या ग्राममंडळाकडे जाते, कसण्याचा व वारसाचा हक्क कुटुंबाकडे राहतो, आणि ग्राममंडळास पंचायतीचे अधिकार मिळतात. आपल्या शेताची मालकी गावाच्या नावे करण्यास संमती देणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे शेतकरीच जाणे. शासनाची अधिसूचना निघावयास २०२४ साल लागले. पाचशे लोकवस्तीचे मेंढा तेव्हा स्वतंत्र पंचायतीच्या दर्जास पोहोचले.

अनुसूचित क्षेत्रातील पाड्यांना २०१४ च्या राज्य पेसा नियमांनुसार आपल्या मतदारांच्या ठरावाने ‘गाव’ म्हणून घोषित होण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्याकडे करता येते. त्या क्षेत्राबाहेरील वाड्या-तांड्यांना ही वाट नाही. त्यांना स्वतंत्र महसुली गावाचा प्रस्ताव तहसील कार्यालयातूनच पुढे न्यावा लागतो.